बोटीच्या आदल्या रात्री

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीहून पुतण्याचा फोन आला. "चाचा, अम्मी-अब्बांना बोटीची सैर घडवतोय. बोट मुंबईहून सुटते, बॅलार्ड पियरवरून. आदल्या रात्री राहायला जवळपास एखादं बरं हॉटेल बघून ठेवाल का? स्वच्छ हवं, फार महाग नको, आणि अब्बांना जिने चढवत नाहीत."

मी पडलो कवी माणूस. कविसंमेलनाला गेलो की आयोजक ठेवतील तिथं राहायचं, एवढाच माझा हॉटेलांशी संबंध. पण थोरल्या भावाचं काम. एका सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि चालत निघालो. बॅलार्ड पियर तिथून वीसेक मिनिटांच्या अंतरावर. २०२५ च्या सप्टेंबरात तिथं नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. आसपासच्या गल्ल्यांत लहान-मोठी बरीच हॉटेलं आहेत.

पहिल्याच लॉजमध्ये मनासारखी खोली मिळाली. दुसरा मजला, लिफ्ट, खिडकीतून थोडं झाड दिसत होतं. भाडंही परवडणारं. खाली येऊन मी पैसे काढले. काउंटरवरच्या मुलानं नोंदवही उघडली.

"नाव?"

मी नाव सांगितलं. त्याचं पेन थांबलं. "जरा थांबा हं," म्हणून तो आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, "सॉरी काका, ती खोली सकाळीच फोनवरून गेलीय. मला माहीत नव्हतं."

"दुसरी एखादी?"

"सगळंच फुल आहे."

त्याच्या मागच्या फळीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. मुलगा विशी-बाविशीचा होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी "बरं" म्हणालो आणि रस्त्यावर आलो. कदाचित खोली खरंच गेली असेल. असा 'कदाचित' आमच्या वाट्याला अधूनमधून येतो आणि त्याचं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहा पिताना मनात आलं, बोटीच्या आदल्या रात्री मुंबईत कुठं झोपायचं, हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. दीडशे वर्षं तरी हे शहर तो प्रश्न ऐकतं आहे. आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर खिशातल्या पैशांवर ठरलेलं नाही.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. विलायतेहून येणारा साहेब अपोलो बंदरावर उतरायचा. त्याच सुमारास काळ्या घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं इथं आणला होता. आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून जी मोडकळीला आलेली इमारत दिसते, ती हीच. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईकरांनी प्रथम पाहिली तीही याच हॉटेलात. हॉटेल फक्त युरोपियनांसाठी होतं. एतद्देशीय माणसाला आत जागा होती, पण ती चाकर म्हणून.

त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन बोटीनं मुंबईत आला आणि वॉटसन्समध्ये उतरला. या मुक्कामाबद्दल त्यानं पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. सज्ज्यावर येऊन गोंधळ घालणाऱ्या कावळ्यांवर त्यानं मिश्कीलपणे लिहिलं आहे. पण त्यात आणखी एक प्रसंग आहे. खोलीतलं एक दार नीट करायला एक हिंदी नोकर खाली बसला होता. त्याचं काम पसंत न पडल्यानं एका जर्मन माणसानं त्याला काही न विचारता थोबाडीत मारली. नोकर मुकाट्यानं काम करत राहिला. ते पाहून ट्वेनला आपलं बालपण आठवलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना असंच मारत, आणि लहानपणी त्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं. प्रवाशाला हॉटेलच्या खोलीत आपलं गाव असं अचानक भेटतं.

जमशेटजी टाटांना एका गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. इतिहासकार ती सहजी मान्य करत नाहीत. तिला तसा भक्कम आधार नाही. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरासमोर सुरू झालं, एवढं मात्र पक्कं. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. लोकांनी ही कथा शंभर वर्षं का जपली? दारातून परत फिरवलं जाणं म्हणजे काय हे ज्याला त्याला आपापल्या अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून तर नव्हे? टाटांच्या नावावर प्रत्येकानं आपलीच गोष्ट सांगितली असावी.

गोऱ्यांमध्येही साहेब वेगळा आणि दर्यावर्दी वेगळा. युरोपियन खलाशांसाठी १८७० च्या दशकात वेलिंग्टन फाउंटनजवळ रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधलं गेलं. शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्यांनी पुढे व्हीटीचं स्थानक उभारलं. जहाजं सुटेपर्यंत खलाशांनी दारूच्या गुत्त्यात पडू नये, ही त्यामागची काळजी. या इमारतीत पुढे कायदेमंडळ भरलं आणि आज तिथं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली. तिच्या खोदकामातून निघालेल्या माती-दगडांची समुद्रात भर टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. बोट धक्क्याला लागली की साहेब थेट बॅलार्ड पियर मोल या स्थानकावर जाई आणि गाडीत बसे. पेशावरकडे जाणारी पंजाब मेल इथूनच सुटायची. साहेबाला शहरात रात्र काढायचीही गरज उरली नाही. मोठ्या लोकांसाठी रेल्वे पाण्यापर्यंत गेली. बाकीच्यांनी आपापली सोय बघायची होती.

ही सोय कशी बघत, याची एक गोष्ट सगळ्यांच्या वाचनातली आहे. १८८८ च्या उन्हाळ्यानंतर राजकोटचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा विलायतेला जायला मुंबईत आला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून भावानं त्याला इथं एका मित्राकडे ठेवलं आणि तो राजकोटला परतला. तेवढ्या दिवसांत मुंबईतल्या मोढ वाण्यांनी जातीची सभा बोलावली आणि समुद्र ओलांडणाऱ्या या मुलाला जातीबाहेर टाकलं. जो त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. ४ सप्टेंबरला तो मुलगा, मोहनदास गांधी, बोटीत बसला. दंडाचा आकडा मला फार बोलका वाटतो. माणसाला धक्क्यावर पोचवायला कुणी असणं, ही त्या काळी इतकी मोलाची गोष्ट होती की ती काढून घेणं हीच शिक्षा.

आमच्याकडे समुद्र ओलांडायला बंदी नव्हती, उलट ऐपत असेल तर ओलांडणं हे कर्तव्य होतं. हजला निघालेली माणसं हिंदुस्थानभरातून, शिवाय अफगाणिस्तानातून आणि मध्य आशियातूनही मुंबईत येत. जहाज कधी सुटेल याचा भरवसा नसे. आठवडे जात, कधी महिने. उतरायला जागा कुठली? मशिदीचे ओटे, रस्त्याच्या कडेला टाकलेल्या पथाऱ्या. स्टेशनवरच दलाल गाठत. तिकीट, जागा, जेवण, सगळ्याचं आश्वासन देत आणि लुबाडत. तक्रारी इतक्या झाल्या की १८८६ मध्ये सरकारनं यात्रेकरूंच्या प्रवासाचं काम थॉमस कुक या कंपनीवर सोपवलं आणि १८८७ मध्ये यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा करून दलालांना परवाने लावले. कुकचा प्रयोग काही वर्षांतच आटोपला. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हजची वाहतूकच थांबवावी लागली.

आमच्या घरात एक शब्द होता, 'मुंबईचे हाजी'. जे हजला म्हणून निघाले, पण मुंबईत पैसे संपले, फसवले गेले, आजारी पडले आणि तिथूनच परतले, ते. लहानपणी आम्ही हा शब्द खेळात हरलेल्याला चिडवायला वापरायचो. एकदा दादीनं ऐकलं आणि पाठीत धपाटा घातला. "ज्याला दारातून परतावं लागलं, त्याला हसायचं नसतं," एवढंच ती म्हणाली.

या फसवणुकीवर समाजातल्या दानशूरांनी काढलेला उपाय म्हणजे मुसाफिरखाने. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातला सर्वांत माहितीचा. मोहम्मद हाजी साबू सिद्दीक हे विसाव्या शतकाच्या आरंभी अगदी तरुणपणी वारले, पण त्यांच्या नावानं मुसाफिरखाना झाला, रुग्णालय झालं, तंत्रशिक्षणाची संस्था झाली.

तो मुसाफिरखाना मी पाहिला तो १९८० च्या पावसाळ्याच्या अखेरीस. माझं वय दहा. दादीचा नंबर लागला होता. आमचं गाव दापोली तालुक्यात. पावसाळ्यात कोकणातली बोट बंद, म्हणून एसटीनं आलो. दादी, तिच्या सोबतीला तिचा भाऊ आणि सोडायला आलेले आम्ही नऊ जण. दादीच्या पत्र्याच्या पेटीवर तिचं नाव, गाव आणि जिल्हा पांढऱ्या रंगानं लिहिलेला. पेटीत तांदूळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सगळ्यात खाली घडी घातलेलं पांढरं कापड. ते कशाला, असं मी विचारलं तेव्हा आईनं मला गप्प केलं. हजहून परत येऊच असं धरून तेव्हा कुणी निघत नसे, आणि कफन आपलं आपण बरोबर नेत.

मुसाफिरखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खोल्या भरलेल्या, गॅलरीत चटया, जिन्याच्या वळणावर स्टोव्ह फुरफुरताहेत. दादीला फक्त आमची कोकणी बोली येत होती. शेजारच्या चटईवर बिहारच्या एका खेड्यातली तिच्याच वयाची बाई. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी दादीनं तिला आमसुलं दिली आणि तिनं दादीला सातूचं पीठ. तिसऱ्या दिवशी त्या एकमेकींच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. काउंटरवरचा म्हातारा माणूस चष्म्यावरून बघायचा आणि एवढंच विचारायचा, "कहाँ से आए? कितने आदमी?"

चौथ्या दिवशी जहाज सुटलं. गोदीच्या फाटकाशी आम्हांला थांबवलं. दादी पाठ फिरवून गेली ती एकदाही वळली नाही. नंतर कळलं, वळायचं नाही असं तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं. आठवडाभरानं जेद्दा. दादी सुखरूप परतली आणि पुढे बारा वर्षं जगली. त्या बिहारच्या बाईचं काय झालं ते मात्र कधी कळलं नाही.

आम्ही सोडायला आलेले नऊ जण मुसाफिरखान्यात मावणार नव्हतोच. आम्ही डोंगरीला, गावच्या जमातीच्या खोलीत उतरलो. माझा चाचा बोटीवर आगवाला होता. दोन बोटींच्या मधले दिवस तो याच खोलीत काढायचा. भिंतीला खुंट्या, खुंट्यांखाली पेट्या, प्रत्येकाच्या पथारीची जागा ठरलेली. महिन्याची वर्गणी. जो समुद्रावर आहे त्याची पेटी कुणी हलवायची नाही, हा नियम. खलाशाची ओळख म्हणजे त्याची 'नळी', बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, आणि ती त्या पेटीत असायची.

अशीच व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबी तलावाच्या परिसरात केली होती. तिला ते 'कूड' म्हणत. एकेका गावाचा एकेक कूड, असे शेकडो. प्रत्येकात वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, गावच्या संताचा सण. जेर महाल या एका इमारतीत असे कितीतरी कूड होते, काही आजही आहेत. गिरणगावात कोकणातल्या हिंदू चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या होत्या, त्यांची रीतही हीच. मोठमोठ्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरीचा आणि गुजरातचा माणूस, खाली इंजिनाच्या आगीपाशी बहुधा पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोवेकर, अशी वाटणी असे. जहाजावर सगळे एकत्र आणि मुंबईत उतरले की ज्याचा तो आपल्या गावच्या खोलीत.

या खोल्यांबद्दल मी आजवर दोन कविता लिहिल्या आहेत आणि दोन्ही हळव्या आहेत. आता वाटतं, त्यांत एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच मुक्कामात एका रात्री आमच्या जमातीच्या खोलीच्या दारात एक माणूस आला होता. खेड तालुक्यातला, बहिणीला जहाजावर पोचवायला आलेला. बाहेर धो धो पाऊस. चाचा त्याला ओळखत होता, बोटीवर दोघं बरोबर होते. पण खोलीच्या मुकादमानं मान हलवली. दुसऱ्या गावच्या माणसाला, तो मुसलमान असला तरी, खोलीत पथारी नव्हती. चाचानं त्याला आपली छत्री दिली. रात्रभर चाचा कुणाशी बोलला नाही.

तेव्हा आपली माणसं आपल्याला सांभाळतात ही गोष्ट खरी, पण त्यातल्या 'आपली' या शब्दाला दार असतं आणि दाराला कडी. वॉटसन्सच्या दाराला होती, आमच्याही होती. फरक एवढाच, की ज्याला सगळ्या शहरात जागा होती त्यानं घातलेली कडी वेगळी आणि ज्याला कुठंच नव्हती त्यानं भीतीपोटी घातलेली वेगळी. पण पावसात उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक सांगून काय उपयोग?

ज्या माणसाला यातलं एकही दार उघडं नव्हतं त्याची हकिकत त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून परत आले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. समुद्रापलीकडे त्यांना जागा मिळाली होती. बडोद्यात स्टेशनवर उतरल्यावर कुठं जायचं ते कळेना. हिंदू हॉटेलं त्यांना घेणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू मित्रानं आणि एका ख्रिस्ती मित्रानं असमर्थता सांगितली. संध्याकाळ त्यांनी बागेत बसून काढली आणि रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले.

पुढे हेच गृहस्थ घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम आपण शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही, एवढं आपल्याला आठवतं. पण त्याचं दुसरं उपकलम काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते, आणि त्यांच्या जोडीला एक साधा शब्द आहे: हॉटेलं. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, हॉटेलाचा उल्लेख आहे. ज्यानं रात्री जागा शोधली आहे त्यालाच तो शब्द तिथं किती आवश्यक होता ते कळेल.

हजची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. आता हाजी विमानानं जातात. तिकडे उतरायला पलटन रोडवर उंच हज हाउस आहे. कोकणची बोट तर त्याआधीच थांबली होती. मधली काही वर्षं मुंबईचा माणूस बोटीत बसायचं जवळजवळ विसरला. आता बोटी पुन्हा आल्या, पण हौसेच्या. कुणी आगीपाशी घाम गाळायला निघत नाही, कुणी पेटीत कफन घेत नाही. चांगलंच आहे. माझ्या भावाच्या पिढीनं बोट पाहिली ती निरोपाची. त्यानं एकदा नुसती मजेसाठी बोटीत बसावं, असं मलाही वाटत होतं.

तर चहा संपवून मी उठलो आणि दुसऱ्या हॉटेलात गेलो. या वेळी क्रम बदलला. काउंटरवर एक प्रौढ गृहस्थ होते. मी आधी माझं पूर्ण नाव सांगितलं, मग भावाचं, मग भाभीचं. मग विचारलं, "खोली आहे का?"

त्यांनी चष्मा वर केला. "कुठून येणार?"

"रत्नागिरीहून."

"किती माणसं?"

"तीन."

"म्हाताऱ्यांना पहिला मजला देतो. लिफ्ट कधीकधी रुसते आमची." त्यांनी भावाचं नाव लिहिलं, चुकीचं लिहिलं, मी दुरुस्त केलं. मग म्हणाले, "बोट असेल तर सकाळी सामान इथंच ठेवा. दुपारी न्या."

टर्मिनलजवळ हॉटेल कसं निवडावं, असं कुणी मला विचारलं, तर आता मी एवढंच सांगू शकतो. फाटकापासून अंतर बघा, लिफ्ट बघा, सामान ठेवायची सोय विचारा. आणि तुमचं नाव माझ्यासारखं असेल, तर ते आधी सांगा, भाव नंतर विचारा. वेळ वाचतो.

ठरल्या दिवशी भाई आणि भाभी आले. रात्री जेवून आम्ही क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेलो. मुसाफिरखान्यासमोर भाई बराच वेळ उभा राहिला. १९८० मध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि दादीची पेटी त्यानंच खांद्यावरून नेली होती. भाभीनं विचारलं, "काय बघता?" तो म्हणाला, "काही नाही. जिना तोच आहे."

दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या काचेच्या दारापाशी मला थांबावं लागलं. पुढे तिकीटवाल्यांनाच प्रवेश. भाई पुढे गेला, आणि वळून त्यानं हात केला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)